गाऱ्हाण्याचं कुलूप

रामाकाकांनी नवव्यांदा मोबाईलवर ‘गाऱ्हाणं’ असं टाईप केलं आणि मोबाईलने नवव्यांदा सांगितलं, ‘पासवर्ड चुकीचा आहे.’ देवळाच्या अंगणात अख्खी वाडी हात जोडून उभी. ढोल वाजून थांबलेले. आणि सगळ्यांत पुढे धोंडू, घसा खाकरत.

त्या खाकरण्याला अर्थ होता. पालीजवळच्या या वाडीत देवाला गाऱ्हाणं घालायचा मान रामाकाकांचा. आसपासच्या बेचाळीस देवांची नावं क्रमाने घ्यायची आणि वाडीचं बरं कर म्हणायचं. गेल्या वर्षी काकांच्या तोंडून एक नाव निसटलं आणि नेमक्या त्याच आठवड्यात धोंडूची म्हैस पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, घसरली. म्हैस घसरली ती शेवाळावरून, पण ऐकतो कोण! बैठकीत ठरलं की यंदा एक जरी नाव चुकलं, तर मान चुलतभावाकडे, म्हणजे धोंडूकडे.

काकांनी मग पुतणीला गाठलं. वेदिका मांडवीला घरी बसून कुठल्याशा कंपनीच्या वेबसाइट बनवते. काकांनी सांगितली ती सगळी नावं तिने लॅपटॉपवर उतरवली आणि त्यांच्यासाठी एक खास पान बनवलं, कुलूपबंद. वही ठेवली असती तर धोंडूने लांबवली असती, याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती.

“पासवर्ड मी कुठेच लिहून ठेवलेला नाही, काका,” तिने तेव्हा समजावलं होतं. “तुम्ही शब्द टाकला, की त्याच्यापासून दर वेळी तीच चावी नव्याने घडते. शब्दात चिमूटभर मीठ टाकायचं, त्याला मीठच म्हणतात, आणि सहा लाख वेळा घुसळायचं.”

“सहा लाख!” जनीकाकू तोंडाला पदर लावून बसल्या. “आणि लोणी किती निघतं गो?”

“म्हंजे शब्द इसरला, तर तू पण उघडू शकत नाय?” काकांनी विचारलं.

“मीसुद्धा नाही.”

“आणि देव?”

वेदिकाने जरा विचार केला. “शब्द बरोबर असला तर.”

काकांनी त्या दिवसापासून मोबाईल देव्हाऱ्यात ठेवायला सुरुवात केली.

आज तोच मोबाईल आडवा आला होता. गाऱ्हाण्यासाठी वाडीत आलेल्या वेदिकाने स्वतःच्या मोबाईलवर तोच शब्द टाकला. चूक! पाच सेकंद घुसळण, आणि परत चूक. शब्द डोळ्यांना ठणठणीत दिसत होता. रेंज शोधत ती देवळाभोवतीच्या चिऱ्याच्या गडग्यावर चढली आणि तिथून एकदम ओरडली, “काका, टिंबाचा घोळ आहे! लॅपटॉपवर ‘ऱ’ हे एकच अक्षर उमटतं. मोबाईलवर ‘र’ वेगळा आणि खालचं टिंब वेगळं! दिसायला सारखंच, पण घुसळल्यावर चावी पार निराळी. दोन्ही आधी एकसारखी करून घ्यायला मी विसरले. दहा मिनिटं द्या!”

“एका टिंबापायी?” काकू थक्क झाल्या. “अगो, देवसुद्धा एवढं बघत नाय.”

“दादा, नसंल जमत तर मी सुरू करू?” धोंडूने विचारलं.

काकांचा धीर सुटला. मोबाईल देवाच्या पायरीवर ठेवून त्यांनी हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं. “बा म्हाराजा! लेकरानं कुलूप घातलान, ते उघडत नाय. सहा लाख वेळा घुसळलेलं हाय, माझ्या हातचं नाय! तर गावदेवा, तू उघड!”

“व्हय म्हाराजा!” वाडी सवयीने गरजली.

“वाघजाई, तू उघड! पऱ्ह्यावरच्या आई, तू उघड!”

“व्हय म्हाराजा!”

काका थांबेचनात. एकेक नाव, अगदी क्रमाने. तेवढ्यात गडग्यावर वेदिकाच्या मोबाईलात पान उघडलं. ती हाक मारणार होती, पण काकांची लय ऐकून गप्प राहिली आणि यादीवर बोट फिरवत गेली. एकही नाव हुकत नव्हतं.

“शिवेवरच्या राखणदारा, तू उघड!”

तिचं बोट थांबलं. हे नाव यादीत नव्हतं. तिने यादी मोजली. एक्केचाळीस.

शेवटचं नाव झालं, ढोल वाजले. धोंडूने निमूटपणे काकांच्या पायांना हात लावला. कुलपाची विनवणी होती की गाऱ्हाणं, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

वेदिका धावत आली. “काका, पान उघडलं.”

“त्यानंच उघडलान!” काकांनी देवाकडे बोट दाखवलं.

“पण यादीत शिवेवरचा राखणदार नाहीच. तुम्ही सांगितलाच नव्हता.”

काकांनी देवाकडचं बोट खाली घेतलं. गेल्या वर्षी निसटलेलं नाव तेच होतं. यादी वेळेवर उघडली असती, तर आज त्यांनी ती वाचली असती, जशीच्या तशी.

त्यांनी पायरीवरचा मोबाईल उचलून वेदिकाच्या हातात दिला. मग हळूच म्हणाले, “वेदू, ते टिंब परत होतं तसं करून ठेव गो.”