ठाकुरवाडीच्या टाकीचे मालक

मालक नसलेली वस्तू टिकत नाही, हे शास्त्र सर्वमान्य आहे. फार मालक असलेल्या वस्तूचे काय होते, याविषयी मात्र शास्त्र गप्प आहे. ती उणीव आमच्या कर्जत-खालापूरने भरून काढली.

आगगाडी कंपनीची होती तेव्हा तिचे मालक विलायतेत राहत. ते गलेलठ्ठ होते (पाहिले कोणीच नव्हते, पण मालक म्हणजे गलेलठ्ठच). गाडी घाट चढे, नफा समुद्र ओलांडे आणि आमचे रक्त उसळे. कर्जतच्या वाचनालयात या विषयावर मी सात भाषणे केली. सातव्याला दोन श्रोते होते. अखेर एकोणीसशे पंचवीस साली सरकारने रेल्वे ताब्यात घेतली. सरकार म्हणजे लोक, आणि लोक म्हणजे आपण (सरकारही विलायतेतलेच, ही किरकोळ बाब येथे काढू नये). मी पेढे वाटले. गाडी त्या दिवशीही उशिराच आली, पण आता ती आपली असल्याने राग आला नाही.

घाटात ठाकुरवाडीला इंजिनांसाठी पाण्याची टाकी आहे. तिची तोटी गळे. उन्हाळ्यात झरे आटले की वाडीतल्या ठाकरणी त्या गळतीखाली हंडे लावत. कंपनीच्या काळात ही चोरी होती. टाकीवरचा मुकादम ती रीतसर पाही, करवंदांचा एक द्रोण घेई आणि रीतसर पाठ फिरवी. अशा भ्रष्ट मार्गाने वाडी वर्षानुवर्षे पाणी पीत होती.

लोकांची मालकी आल्यावर हे चालू देणे शक्यच नव्हते. पुढच्याच चैत्रात गोदा नावाची ठाकरीण हंडा लावताना पकडली गेली. तिचा नवरा जैतू तापाने फणफणत झोपडीत पडला होता. खालच्या ओढ्यावर जाऊन यायचे तर दिवस मोडतो, आणि त्याला एकटे टाकून तिला जाववत नव्हते (पंचनाम्यात हा मजकूर 'अप्रस्तुत' म्हणून गाळला आहे). चौकशीला रेल्वेचे कारकून आबाजी आले. लोकांच्या वतीने मी हजर राहिलो.

आबाजींनी दरडावून विचारले, "मालक कोण?"

"मालक घरला पडलाय," गोदा म्हणाली. "ताप हाय त्याला. सकाळधरनं पानी मागतोय."

"नाव सांग त्याचं."

गोदाने तोंडाला पदर लावला. नवऱ्याचे नाव कोणती बाई घेईल? शेवटी तिची नणंद कोंडी पुढे झाली. "जैतू नाव हाय. माजाच भाऊस. लिवा."

आबाजींनी लिहिले : 'टाकीचा मालक जैतू, राहणार ठाकुरवाडी. प्रकृती बरी नाही.' त्यांना हायसे वाटले. रेल्वेचा मालक इतक्या जवळ आजवर कोणालाच सापडला नव्हता.

मग पडून राहिलेल्या सगळ्या तक्रारी मालकाकडे वर्ग झाल्या. एकाची हरवलेली ट्रंक, दुसऱ्याचे भिजलेले तांदूळ, आणि कर्जतच्या फलाटावर बाक हवे असा माझाच जुना अर्ज. तो मी स्वतः घेऊन गेलो. जैतूने डोळे उघडले. "पानी आनलंत का?" एवढेच बोलला. बाकाला मालकाचा विरोध नाही, असा शेरा मी अर्जावर मारून घेतला.

इतक्यात आबाजींच्या पंचनाम्याला वरच्या कचेरीतून उत्तर आले. जैतू मालक आहे यात शंका नाही. परंतु तो एकटा मालक नाही. बाकीच्या मालकांच्या संमतीवाचून एका मालकाने पाणी पिणे हा बाकीच्यांवर अन्याय होय. आयजीच्या जिवावर बायजी उदार होण्याची वाट अशी बंद झाली. तोटीही त्याच दिवशी दुरुस्त झाली (रेल्वेचे काम त्याच दिवशी झाल्याचे हे एकमेव उदाहरण). मुकादमही सुधारला. तो आता लोकांचा नोकर आहे आणि करवंदांना शिवत नाही.

टाकीवरून परतताना गोदाने मला गाठले. "दादा, तुमी बी मालक का?"

"अर्थात. मी, तू, आपण सगळेच."

"मंग तुमी सांगा ना त्या मुकादमाला. एक हंडा भरू दे. जीव सुकलाय वं त्याचा."

मला वाईट वाटले. खरोखरच फार वाईट वाटले. पण एकट्या मालकाने पुढे होणे बरे दिसत नाही, म्हणून मी संमती गोळा करू लागलो. स्टेशनमास्तर अनुकूल आहेत. वाचनालयाचे अध्यक्ष अनुकूल आहेत. खालापूरचे एक वकील तर इतके अनुकूल आहेत की त्यांनी मला चहा पाजला. सही मात्र प्रत्येक जण बाकीच्यांनी केल्यावर लगेच करणार आहे. मीसुद्धा.

तेव्हा वाचकहो, आता तुमच्यापाशी आलो आहे. तुम्हीही मालक आहात. घाई नाही. जेवण उरका, पोटभर पाणी प्या, मग विचार करून सावकाश कळवा. गोदा तोटीखाली हंडा लावून उभी आहे.