एकट्याचे दहा गुण

वायरमनचं लग्न ठरलं, हॉल ठरला, आणि त्याच आठवड्यात त्याच्या परदेशी जाण्याच्या अर्जात दहा गुण कमी पडले.

"वय चांगलं, अनुभव चांगला," सल्लागार म्हणाला. "तुमचं लग्न तेवढं नडतंय."

"अजून झालंय कुठे?"

"तेच म्हणतोय. अविवाहिताला दहा गुण. बायको असेल आणि ती भाषेची परीक्षा पास असेल, तरी दहा. बायको नुसतीच असेल, तर शून्य."

वायरमन सावध माणूस. घरातला साधा बल्ब बदलतानाही मेन स्विच बंद करून दोनदा टेस्टर लावणारा. संध्याकाळी तो होणाऱ्या बायकोकडे गेला. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची.

"एवढंच ना? मी देते की परीक्षा," फ्रेम पुसत ती म्हणाली.

"आणि नापास झालीस म्हणजे?"

तिचा हात थांबला.

"तसं नाही गं," तो घाईघाईने म्हणाला. "पण उगाच रिस्क कशाला? लग्न पुढे ढकलू. व्हिसा हातात पडला की लगेच बार उडवून देऊ."

"बरं," ती म्हणाली. हे 'बरं' कसलं होतं, ते काही त्याच्या लक्षात आलं नाही.

घरी त्याने आईला बजावलं, "कुणाला बोलू नकोस." आईने फक्त मावशीला सांगितलं, की लग्न पुढे गेलंय. मावशीने फक्त शेजारणीला सांगितलं, की लग्न अडलंय. हॉलवाल्यापर्यंत पोचेपर्यंत ते मोडलं होतं. त्याने तारीख दुसऱ्याला देऊनही टाकली.

मग मुलीचे वडील आले. आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस, आवाज हॉर्नसारखा.

"माझ्या मुलीत कमी काय आहे, सांग!"

"काहीच नाही काका, फक्त दहा गुण..."

"माझ्या मुलीत दहा गुण कमी?"

अख्ख्या गल्लीने खिडक्या उघडल्या. वायरमन आणखीच घाबरला. उद्या कुणी चौकशीला आलं आणि ठरलेल्या लग्नाचं बिंग फुटलं तर? त्याने तिला निरोप धाडला : व्हिसा येईपर्यंत रस्त्यात भेटलो तरी ओळख दाखवू नकोस.

तिने ते चोख पाळलं. तो दुकानात गेला, तर ती म्हणाली, "या, नंबर तपासायचाय?"

"काय अभिनय करते!" त्याने घरी येऊन कौतुकाने सांगितलं. आई हसली नाही.

अखेर व्हिसा आला. वायरमन धावतच दुकानात शिरला.

"आला! आता सांग काकांना, नवी तारीख काढू!"

तिने दुकानात दुसरं कोणी नाही ना, ते पाहिलं. "मी दिली होती परीक्षा. तू नको म्हणालास, त्यानंतर लगेच. पास झाले."

"अगं मग बोलली का नाहीस? दहा गुण तसेही मिळाले असते!"

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

"म्हणूनच नाही बोलले," ती शांतपणे म्हणाली. "गुण सोडून दुसरं काही विचारतोस का, बघत होते."

"आता विचारतो ना. येतेस माझ्याबरोबर?"

"आता उशीर झाला रे."

ती चिडली असती तर त्याने समजूत घातली असती. पण ती चिडलेली नव्हती. तेवढ्यात दारातून एक आजोबा आत आले, आणि ती त्यांच्या डोळ्यांकडे वळली.

वायरमन एकटाच गेला. तिथे पहिल्याच दिवशी मुकादमाने सांगितलं, की इथला परवाना मिळेपर्यंत वायरीला हात लावायचा नाही, शिडी धरायची. त्याने शिडी धरली. सुटल्यावर खोली शोधायला निघाला.

दार उघडणाऱ्या मराठी घरमालकीणबाईंनी त्याच्या मागे डोकावून पाहिलं. "एकटेच?"

"एकटाच."

"एकट्या पुरुषाला खोली देत नाही आम्ही. जोडपं असेल तर देतो. लग्न नाही झालं?"

"ठरलं होतं."

"मग?"

कितीतरी दिवसांनी कुणीतरी आपणहून विचारलं होतं. बॅग खाली ठेवून त्याने बाईंना सगळं नीट समजावून सांगितलं : बायको नसली तर किती, असली तर किती, आणि यात धोका कसा नव्हता.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हुशार आहात," त्या म्हणाल्या, आणि अगदी हळू, आवाज न करता, दार लावून घेतलं.