नवरीचे डोळे पाहणारे वसंतकाका

आमच्या कॉलनीत लग्न निघालं की वसंतकाका हळदीला सगळ्यांच्या आधी हजर होतात आणि नवरीच्या डोळ्याखालची कातडी बोटानं ओढून आत पाहतात. आशीर्वाद नंतर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातलं ताट पडायचंच राहिलं.

काका सिंचन विभागातून रिटायर झालेले. आमच्या भिंतीला भिंत, घरात एकटे. काकूंना मी फक्त फोटोत पाहिलं, त्या गेल्यावर आम्ही इथं राहायला आलो. काकांचं कोणतंही बोलणं शेवटी लिव्हरवर येतं. दुसऱ्या जिलेबीला हात घातला की मागून आवाज येतो, "लिव्हरले इतवारची सुट्टी नसते हो."

वारासिवनीच्या बसमध्ये तर त्यांनी एका अनोळखी माणसाच्या हातातली कोल्ड्रिंकची बाटली घेतली आणि खिडकीबाहेर रिकामी केली. मला बाई सीटखाली लपावंसं वाटलं. तो माणूस म्हणाला, "मी दारूले शिवत बी नाही, काकाजी."

"तेच तर. लोकायले वाटते, लिव्हर दारूनंच खराब होते. साखर, तेल अन् बसून राह्यणं काय कमी आहे? रोज पायी फिरत जा."

आमच्या ह्यांनी वजन उतरवायला कुठून तरी काढा आणला होता. काकांनी तो सरळ नालीत ओतला. "डॉक्टरले इचारलं काय? जडीबुटी बी लिव्हरलेच पचवा लागते." स्वतः मात्र दिवस मावळायच्या आत लवकीची, म्हणजे दुधीची, भाजी-भाकरी खाऊन मोकळे.

मग आमच्या लेकीची, रश्मीची हळद आली. नवरदेवाची उष्टी हळद घेऊन गोंदियाहून त्याची आत्या आली होती. तिनं वाटीत बोटं बुडवली आणि काका मधेच घुसले. रश्मीचा डोळा ओढला.

"हे काय पाहून राह्यले?" आत्यानं विचारलं.

"पीलिया."

आत्याचा हात वाटीतच राहिला. "कावीळ आहे काय पोरीले?"

काकांचा दंड धरून मी त्यांना मागच्या नळापाशी नेलं. "काका, तुम्हाले काही समजते काय? लग्न मोडलं तर?"

ते खाली मान घालून बोटं धूत राहिले. "आमच्या पोरीच्या, मीनाच्या हळदीत बायायनं तुह्या काकूलेही हळद फासली होती, सुमन. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे पिवळे. मी म्हटलं, हळद चढली तुले. चार लोकं हासले. लगन झालं तरी पिवळीच. मंग मीच बेसन लावून तिची मान घासून देल्ली. म्हणे, हळू घासा. दवाखान्यात नेलं तवा लिव्हर संपलंच होतं. कधी थेंब घेतला नाही बाईनं, कोणाच्या ध्यानातच आलं नाही."

माझा राग कुठच्या कुठं गेला. मी त्यांना हाताला धरून परत मांडवात आणलं आणि आत्याला बिनधास्त थाप मारली, "पोरीले काही नाही झालं. हे आमच्या घरचे मोठे. यांनी डोळे पाह्यल्याशिवाय आमच्यात हळद लागत नाही."

आत्यानं वाटी खाली ठेवली. "असं आहे काय? मंग माह्ये बी पाहा." आणि तिनं तोंड पुढं केलं.

काकांनी बोट टेकवलं. वाकून पाहिलं, चष्मा काढला, बाहीनं स्वतःचे डोळे पुसले, पुन्हा पाहिलं.

"थांबा जरा," ते म्हणाले. "मले दिसून नाही राह्यलं."