धारकर सर आणि देवास गेटची पाटी

कुणी इंग्रजी कागद पुढे केला की धारकर सर वाक्याच्या मधोमध अंगठा दाबून धरतात आणि विचारतात, "आता सांगा, कर्ता कुठाय?"

अंगठ्याच्या एका बाजूला कर्ता उरतो, दुसऱ्या बाजूला क्रियापद. दोघांचं जमत नसेल तर तिथेच उघडं पडतं. "पर्वणीला राम घाटावर पोर हरवतं ना, तसं आहे हे," सर सांगतात. "आई इकडे, पोर तिकडे, आणि तुम्ही मधल्या गर्दीकडे बघत बसता. भीड़ हटाओ, दोनों मिल जाएँगे."

मी उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये विम्याच्या कचेरीत नोकरी करतो आणि सरांच्या शेजारी राहतो. विद्वत्ता मिरवणाऱ्यांवर माझा सहसा विश्वास बसत नाही. पण वरिष्ठांना धाडायचं एक पत्र मी आठवडाभर घासलं होतं, त्यावर सरांचा अंगठा चार ठिकाणी टेकला आणि चारही ठिकाणी मी चुकलेला निघालो. तेव्हापासून त्या अंगठ्याला मी वचकून असतो.

शाळेतून इंग्रजीचे मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर सरांनी अख्खं गावच वर्गात घेतलं. लग्नपत्रिका छापण्याआधी त्यांच्याकडे येतात, कारण छापून आल्या तर ते शिसपेन्सिलीने खुणा करून परत पाठवतात. एकदा एका पुढाऱ्याच्या स्वागताची कमान उभी होती. मजकूर इंग्रजीत. सर खाली उभे राहून शिडी मागायला लागले.

"मास्साब, उसमें नेताजी का नाम है," कार्यकर्ता घाबरून म्हणाला.

"नाम है, पर इस वाक्य में नेताजी कर्म हैं. कर्ता जनता है, चलेगी उसी की."

शिडी मिळाली. एवढ्या बोलण्यावर उज्जैनमध्ये शिडी मिळवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

देवास गेटला बसस्टँडजवळ राधाबाईंचं दुकान आहे. तिथल्या पाटीवर निळ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलंय, 'अवर कचोरीज इज फ्रेश.' सरांनी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा घास हातातच राहिला. "कचोऱ्या ढीगभर, आणि क्रियापद बिचारं एकटं," ते मला म्हणाले. दुसऱ्या दिवशी लाल रंगाची डबी आणि कुंचला घेऊन निघाले. मीही गंमत बघायला सोबत गेलो.

राधाबाईंनी कढईखालची आच कमी केली. "मास्साब, ये इनके हाथ का लिखा है. आठवीं तक पढ़े थे, फिर भी अंग्रेज़ी में ही लिखना था." नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. "धूप में उड़ता जा रहा है. इनके हाथ की और कोई चीज़ नहीं है मेरे पास."

सरांनी डबीचं झाकण पुन्हा दाबून बसवलं आणि ते घरी आले. वाटेत मला त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, हे मला जरा भीतीदायकच वाटलं.

चार दिवसांनी मला हाक आली. "चला, स्टूल धरायला." या वेळी डबी निळी होती.

सर स्टुलावर चढले आणि एकेक फिकट अक्षर गिरवू लागले. स्वतःचं सुंदर वळण बाजूला ठेवून, त्या माणसाच्याच वळणाने. जिथे त्याचा हात घसरला होता तिथे आपलाही घसरवत. 'इज'पाशी कुंचला थांबला. राधाबाई झारा हातात धरून वर बघत राहिल्या. मी खालून हळूच विचारलं, "सर, काय करायचं?"

"स्टूल नीट धरा," सर म्हणाले, आणि त्यांनी ती दोन अक्षरं गिरवली. बाकीच्या सगळ्या पाटीपेक्षा त्या दोन अक्षरांना जास्त वेळ लागला.

ते उतरत होते तेवढ्यात बसमधून उतरलेले एक टकले गृहस्थ थबकले. सरांचे जुने विद्यार्थी. त्यांनी पाटी वाचली, सरांच्या हातातला ओला कुंचला पाहिला.

"सर, आपने लिखा? यहाँ तो 'आर' आना था."

इतक्या वर्षांत सरांनी स्वतःची चूक कबूल केल्याचं मी ऐकलेलं नव्हतं. त्यांनी कुंचला कागदाला पुसला.

"हाँ बेटा. मुझसे गलती हो गई."

गृहस्थ फार खुशीत निघून गेले. आता हा किस्सा गावभर होणार हे उघड होतं. सरांनी मान वर करून पाटीकडे एकदा पाहिलं आणि राधाबाईंना म्हणाले, "सूखने देना. आज इस पर कपड़ा मत मारना."