चौदाचं ॲव्हरेज

अण्णारावच्या पत्राला माधवरावांनी उत्तर दिलंच नव्हतं. दिवाळी झाली, संक्रांत झाली, पत्र अजून चष्म्याच्या घराखाली पडून होतं. किनवटपलीकडच्या रानातल्या गावी रेंज लागत नाही, म्हणून हा जुना वर्गमित्र अजून पत्रं लिहायचा. त्यानं लिहिलं होतं, "माधव, तुझी जीप मला दे. चारही चाकांनी ओढणारी गाडी इथं चिखलात कामाला येईल. नांदेडात तू तिच्यातून नुसती कोथिंबीर आणतोस. द्यायची नसेल तर एवढंच कळव, ॲव्हरेज किती देते?"

माधवरावांना गाडी द्यायची नव्हती, आणि ॲव्हरेज सांगवत नव्हतं. ते सातचं होतं. शिवाय ते तर्कशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. खोटं लिहायला त्यांचा हात वळत नसे.

शेवटी त्यांच्या पत्नीनं, सिंधूताईंनीच निकाल लावला. लातूरला सिंधूताईंच्या भावाकडे, मृत्युंजयकडे, भाचीचा साखरपुडा होता.

"जीप घेऊन चला लातूरला. लिटरला दहा दिले तर ऱ्हाऊ द्या दारात. न्हाई दिले तर तिथूनच अण्णाभाऊजींना पत्र टाकायचं, घेऊन जा म्हणून. हिशोब मृत्युंजय करंल."

मृत्युंजय जीपला 'डिझेलचा रांजण' म्हणायचा. त्याच्या हाती निकाल म्हणजे गाडी गेल्यातच जमा. पण माधवराव डगमगले नाहीत. हलकी गाडी कमी पिते, हे त्यांचं पहिलं गृहीतक. मागची बाकडी उतरली, ताडपत्री उतरली, जॅक उतरला, पान्यांची पेटी उतरली. मग ते लाडवांच्या डब्यांकडे आणि त्यामागं उभ्या सिंधूताईंकडे बघत राहिले.

"काय बघून राहिले?"

"काही नाही. लातूरला एस.टी. थेट जाते म्हणतात."

"म्हंजे मी वजन हाय का?"

"तू नाही गं. डबे."

"मग डबे बसतील का एस.टी.त एकटे?"

सिंधूताई डब्यांसकट अकराच्या एस.टी.नं जातील असं ठरलं.

दुसरं गृहीतक माधवरावांचं खास स्वतःचं होतं. खाट दोघांनी उचलली तर जड, चौघांनी उचलली तर हलकी. तसंच चाकांचं. दोन चाकं ओढताना गाडी सात देते, तर चारही ओढायला लावली की चौदा देणार. लातूर एकशेचाळीस किलोमीटर. म्हणजे दहा लिटर पुरे. जास्तीचं डिझेल म्हणजे पुन्हा वजन. त्यांनी टाकी रिकामी करून दहा लिटर मोजून ओतलं, सिंधूताईंनी 'दहा लिटर' असं लिहून मीटरचा फोटो भावाला पाठवला, आणि माधवरावांनी चार चाकांचा दांडा ओढून मोठ्या विश्वासानं गाडी काढली.

कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाकं जोडली की गाडी कमी नाही, जास्त पिते. हे माधवरावांना लोहा ओलांडल्यावर, अहमदपूरच्या अलीकडे कळलं. जीप दोनदा शिंकली आणि उभी राहिली.

मागून तुरीची पोती भरलेला ट्रॅक्टर आला. चालवणारा मलप्पा खाली उतरला.

"काय झालं काका?"

"डिझेल संपलं."

"टाकी कोरडी केली का? मग हवा धरली असंल इंजिनानं. काढावी लागंल. पाना द्या."

"पाने घरी ठेवले."

"का बरं?"

"वजन कमी करायला."

मलप्पानं उघड्याबोडक्या जीपभोवती एक फेरी मारली. "मग इंजिन बी घरीच ठिवायचं व्हतं की काका!"

पण माणूस चांगला. लातूरच्या मोंढ्यात तूर विकायला चालला होता. त्यानं ट्रॉलीला दोर बांधला, आणि माधवराव तुरीच्या पोत्यांमागं लातूरला निघाले. इंजिन बंद होतं. मीटर मात्र चाकांवर चालायचं. चाकं फिरत होती, आकडे पुढे सरकत होते.

मृत्युंजयच्या गल्लीच्या तोंडाशी मलप्पानं दोर सोडला. पुढं उतार होता. जीप अलगद, आवाज न करता, मांडवाच्या दारात जाऊन थांबली.

"इंजिनचा आवाजसुद्धा न्हाई!" मृत्युंजय चकित होऊन म्हणाला. त्यानं मीटर बघितलं, सकाळचा फोटो बघितला, पुन्हा मीटर बघितलं. "दाजी! दहा लिटरला एकशेचाळीस? चौदा!"

नवरदेवाचे वडील भीमाशंकरराव पानाचा विडा हातात तसाच धरून आले. "आमची नवी गाडी नऊ देते. केलं काय तुम्ही?"

माधवराव खरं सांगायला गेले. "त्याचं असं आहे, वाटेत एक ट्रॅक्टर होता..."

"समजलं!" मृत्युंजयनं मांडी थोपटली. "ट्रॅक्टरच्या मागं चालवली! समोरचा वारा अडतो. वा दाजी!"

"अगदी जवळ राहावं लागतं," माधवराव म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

"मग एक चक्कर होऊन जाऊ द्या," भीमाशंकरराव म्हणाले आणि जीपमध्ये चढूनही बसले. माधवरावांनी किल्लीला हात लावला.

तेवढ्यात सिंधूताई आल्या. "अहो पाव्हणे, मुहूर्त चालला, अन् तुम्ही चकरा मारून राहिले का? उतरा बरं."

पाहुणे उतरले.

सगळं पार पडल्यावर सिंधूताईंनी एक पोस्टकार्ड पुढं केलं. "लिवा अण्णाभाऊजींना. द्यायची न्हाई म्हणून."

"सिंधू, ते चौदा जे आहे ना..."

"माहीत हाय. माझी एस.टी. चाकूरजवळ तुमच्या पुढं गेली. आख्खी गाडी खिडकीला लागून हसत होती. अन् तुम्ही मात्र पोत्यांमागं ताठ बसून वळणावर हात दाखवून राहिले!"

"मग भावाला सांगितलं का नाहीस?"

"कंडक्टर म्हणाला, कोण येडं हाय हे? मी म्हणाले, नीट बोल, आमचे मालक हाईत." त्यांनी पदर तोंडाला लावला. "आता चारचौघांत एवढं भांडल्यावर गाडी देऊन टाकू का?"

माधवरावांचं पेन या वेळी अडलं नाही. "प्रिय अण्णा, उशिराबद्दल माफ कर. गाडी द्यायची नाही. चौदाचं ॲव्हरेज देते. फक्त पुढे ट्रॅक्टर लागतो."

सिंधूताईंनी ते दोनदा वाचलं आणि स्वतःच्या हातानं कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं.