पोषणास पात्र केस

न्हाणीघराच्या जाळीत अडकलेला गुंता. उशीच्या अभ्र्यावर तपकिरी डाग. साहेबांच्या कानाच्या पाळीवर काळा ठिपका. कपाटात पोषक लेपाचे डबे, झाकण न उघडलेले. हेडक्लार्कच्या खिशात नवा कोरा कंगवा. हेडक्लार्कना पूर्ण टक्कल.

या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असे कार्यालयाचे म्हणणे आहे.

पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारीच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंना सगळे खिडकीबाई म्हणत. माणसांशी चार शब्द बोलल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. त्या खिडकीत त्यांचा जीव होता. म्हणून, नागरिकांसमोर बसणाऱ्यांचे केस काळे असावेत असा आदेश निघाला तेव्हा त्यांनी निमूटपणे डोके रंगवले. रंग कार्यालयानेच पुरवला होता. लोखंडी फाटकाला लावला असता तर फाटक जन्मात गंजले नसते. केसांचा काथ्या झाला आणि तो मुठीमुठीने हातात येऊ लागला.

कार्यालय निर्दय नव्हते. रंगाने खराब झालेल्या केसांसाठी पोषक लेपाची योजना होती. पात्रता ठरवायला समिती होती आणि तिचे अध्यक्ष हेडक्लार्क होते. या विषयात त्यांचा काडीचाही स्वार्थ नाही, हे लांबूनही चकाकत असे.

त्यांनी खिडकीबाईंच्या डोक्यावरून कंगवा फिरवला, उजेडात धरला. "नुकसान मध्यम. योजना गंभीर केसांसाठी आहे."

"अहो, अजून काय व्हायचं राहिलंय?"

"ते तुमच्याच हातात आहे, बाई. थोडा प्रयत्न करा."

घरी धाकट्या जावेने त्यांच्या डोक्याला हात लावला आणि ती ओरडलीच. "ताई, हे डोकं आहे की पायपुसणं? बसा इथं!" तिने बळेबळे तेल चोळले. केसांवर किंचित तुकतुकी आली.

पुढच्या तपासणीला हेडक्लार्कनी आपली बोटे हुंगली. "तेल? म्हणजे परस्पर पोषण? ही योजनेची फसवणूक झाली, बाई. खिडकी जाईल अशानं."

खिडकीबाईंनी घाबरून पुन्हा रंग लावला. त्यावर पुन्हा. जावेने तेलाची बाटली माळ्यावर टाकली आणि डोळे पुसले.

अखेर केस गंभीर ठरले. हेडक्लार्कनी मनापासून अभिनंदन केले. पार्लरवाली आली, तिने डबा उघडला, खिडकीबाईंच्या डोक्यावरचा रुमाल सोडला आणि थबकली.

"लेप केसांच्या टोकांना लावतात, मावशी. टोकं कुठायत?"

"गळली गं."

"मग मधले केस?"

"टोकांबरोबरच गेले."

पण लेप मंजूर झाला होता आणि मंजूर लेप परत घेणे नियमात बसत नव्हते. साहेबांनी तोडगा काढला. केसांचा एक काळाभोर टोप मागवला आणि लेप टोपाला लावायला सांगितले. टोपाला पोषण मिळू लागले, वाफ मिळू लागली. ओला टोप डोक्यावर टिकेना, म्हणून तो लाकडी ठोकळ्यावर चढवला. ठोकळा जमिनीवर ठेवणे योजनेला शोभणारे नव्हते, म्हणून तो खुर्चीवर आला. खुर्ची खिडकीतच होती.

खिडकीबाई मागच्या कोठीत बसू लागल्या. तक्रारी आत येत आणि निकालात निघून बाहेर जात. माणसे मात्र येत नसत.

"साहेब, लोकांशी बोलू तरी द्या हो मला."

"बोला की! कोण नको म्हणतंय? फक्त दार लावून घेत चला."

नागरिक खूश झाले. नव्या बाई उलट उत्तर देत नाहीत आणि केस तर काय सुरेख, असे रांगेत बोलले जाऊ लागले. जुन्या बाई कुठे गेल्या, हे कोणी विचारले नाही. कोठीतून अधूनमधून कुणीतरी एकटेच बोलल्याचा आवाज येई, तो लोकांना नळाचा वाटे.

केसांचा आदेश निघाला त्याच्या आदल्या दिवशी खिडकीवर एका गृहस्थाचे काम चटकन झाले होते. जाता जाता तो म्हणाला, "इथं जरा तरुण कुणीतरी बसवायला हवं." खिडकीबाईंच्या मागे साहेब उभे होते. रांगेतले सगळे हसले. तुम्हीही हसलात.