आत्मारामकाका शिपाई तपासतात

रंगाच्या बाबतीत आत्माराम मेस्त्रींना आजवर कुणी फसवलेलं नाही. हे आम्ही नाही म्हणत, ते स्वतःच म्हणतात, आणि आरे-वारेच्या रस्त्यावरच्या त्यांच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, पाच मिनिटं टेकलेल्या प्रत्येकाला हे ऐकावंच लागतं. भिंतीकडे बघून ते आतला जुना रंग कोणता होता ते सांगतात. एका लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाच्या मामाच्या केसांकडे बघून कलप किती दिवसांपूर्वीचा तेही सांगितलं होतं. बरोबर निघालं, पण जेवण अर्धवट टाकून यावं लागलं.

त्यामुळे श्रावणातल्या एका रविवारी सकाळी शेजारच्या आगाश्यांचा स्वरूप हातात खोकं घेऊन आला आणि "काका, जरा तुमची नजर हवी होती," म्हणाला, तेव्हा काकांनी चष्मा पुसला. मग तोच पुन्हा एकदा पुसला.

स्वरूप तिशीचा आहे, हायस्कुलात गणित शिकवतो. त्याच्या खोलीत काचेचं कपाट आहे आणि त्यात पुस्तकांऐवजी शिपाई आहेत. आपल्या इतिहासातले नव्हेत. अजून दोनशे वर्षांनी कुठल्याशा ग्रहावर लढणारे. खोक्यातून निघाला तो वीतभर उंचीचा, अंगात हिरवं चिलखत, डोक्यावर शिरस्त्राण आणि तोंडावर काळी काच. चिलखतावर ओरखडे, खांद्यावर काजळी, बुटांना चिखल.

"हे डाग खरे आहेत की खोटे, एवढंच बघा," स्वरूप म्हणाला. "खरे असतील तर ठेवतो. खोटे असतील तर उद्या चिपळूणला ज्याचा त्याला परत. संध्याकाळी येतो मी."

आता यातली मेख अशी होती. हे शिपाई बनवणाऱ्या कंपनीने 'लढून आलेला' म्हणून मोजकेच शिपाई काढले होते आणि डाग कंपनीतच मुद्दाम रंगवलेले होते. त्या डागांसाठी तर हौशी माणसं जीव टाकतात. काही लबाड लोक मग साधा शिपाई घेऊन त्याला घरीच काजळी फासतात आणि लढून आलेला म्हणून गळ्यात मारतात. एवढं सांगायला हवं होतं. पण स्वरूप पडला मास्तर. समोरच्याला कळलंय असं धरून पुढे जायची त्याला सवय. काकांना कळलं ते इतकंच, की या गुणी मुलाच्या वाट्याला मळका शिपाई आलाय आणि बिचारा डागांसकट ठेवून घ्यायलाही तयार आहे.

शिवाय काकांना भरून आलं होतं ते वेगळंच. वर्षभरात त्यांची नजर कुणी मागितली नव्हती.

गेल्या वर्षी खातूंच्या गणपतीचे डोळे आखताना त्यांचा हात हलला. एक डोळा मोदकाकडे गेला, दुसरा दाराकडे. खातूंनी तक्रार केली नाही. "आमचा बाप्पा चौफेर लक्ष ठेवतो," असं सगळ्यांना सांगत त्यांनी पाच दिवस मनोभावे पूजा केली. तेच काकांच्या मनाला लागलं. चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. काकांनी आखणीचा बारीक ब्रश डब्यात टाकला आणि डबा मुलीच्या, मनस्वीच्या हवाली केला. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नजर लख्ख झाली असं डॉक्टर म्हणाले. हात सोंडेवर चालायचा, मुकुटावर चालायचा, डोळ्यांपाशी आला की थरथरायचा. आता चतुर्थी तीन आठवड्यांवर आली होती. शाळेत साठ गणपती रंगून बसले होते, साठांनाही डोळे नव्हते आणि आखायला एकटी मनस्वी. काकांकडे पाट पुसण्याचं काम होतं.

दुपारी मनस्वी आणि तिची आई, विमलाकाकू, सोनेरी रंग आणायला रत्नागिरीत गेल्या. शाळेत काका आणि शिपाई दोघंच उरले. काकांनी भिंग काढलं आणि दहा मिनिटांत निकाल लावला. काजळी वार्निशच्या खाली होती आणि वार्निश मूळचंच होतं. डाग अस्सल. इथे थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पण मेस्त्रींच्या शाळेतून आजवर मळकं काही बाहेर गेलं नव्हतं. काकांनी ओलं फडकं घेतलं. डाग हलले नाहीत. साबण लावला, तरी हलले नाहीत. अस्सल डागांचा हाच त्रास असतो. मग कापसाच्या बोळ्यावर अगदी थेंबभर थिनर घेतलं. काजळी गेली, जाताना चिलखताचा हिरवा रंगही घेऊन गेली. काकांनी दचकून बोळा वर उचलला तो तोंडावरच्या काळ्या काचेला लागला आणि काच पांढरट झाली, थेट ऑपरेशनच्या आधीच्या त्यांच्या डोळ्यासारखी.

अशा वेळी शहाणा माणूस हात आवरता घेतो. काकांनी हिरवा रंग कालवला. छटा अशी जुळली की आपण कुठून सुरुवात केली ते त्यांचं त्यांनाच सापडेना. या यशाने भीड चेपली. खांदे ओकेबोके वाटले म्हणून त्यांना मुकुटातला उरलासुरला सोनेरी दिला. बुटांना पितांबराचा पिवळा दिला. राहता राहिली ती काच. तिच्यातून काही दिसण्याची आशा नव्हतीच, म्हणून त्यांनी तिच्यावर सरळ मूर्तीच्या अंगाचा रंग चढवला.

आणि आता ते तोंड फळीवरच्या साठ तोंडांसारखंच कोरं दिसायला लागलं. डोळ्यांविना तोंड काकांना बघवत नाही, उभ्या जन्मात कधी बघवलं नाही. त्यांनी मनस्वीचा डबा उघडला. वरच्या पापणीची रेघ ओढली, खालची ओढली, बुबुळं भरली आणि शेवटी श्वास रोखून उजेडाचे दोन पांढरे ठिपके ठेवले. मग श्वास सोडून पाहिलं. शिपाई त्यांच्याकडे बघत होता. दोनशे वर्षांनंतरच्या लढाईतून आलेला तो जीव इतक्या मायेने बघत होता, की काका त्याला जेवलास का विचारणार होते.

संध्याकाळी दोघी परतल्या आणि त्यांच्या मागोमाग स्वरूपही आला.

"काका, डाग खरे होते?"

"होते. एकदम अस्सल," काका अभिमानाने म्हणाले. "काढायला दोन तास लागले."

स्वरूपने शिपाई हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि मातीच्या पालथ्या घमेल्यावर बसला. मग त्याने हळू आवाजात, वर्गात सगळ्यात मागे पडलेल्या मुलाला समजवावं तसं, ते डाग काय होते ते सांगितलं. काकांचा चेहरा उतरत गेला.

"मग मी परत लावून देतो ना काजळी," ते कसंबसं म्हणाले. "चुलीवर धरू काय जरा?"

"अहो, गप बसा आता," विमलाकाकू म्हणाल्या.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. वर्षाने कुणीतरी नजर मागितली आणि आपण काय केलं, तर पोराचा शिपाई धुऊन टाकला. यापुढे पाट पुसावेत, तेही मुलीला विचारून, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

मनस्वीने स्वरूपच्या हातातून शिपाई घेतला, ट्यूबलाइटखाली नेला आणि त्याचं तोंड कितीतरी वेळ निरखलं. बोलणी खायच्या तयारीने काकांनी मान खाली घातली.

"बाबा, डोळे कुणी आखले?"

"इथे दुसरं कोण होतं?"

"हात नाही हलला?"

काकांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. "हलेल कशाला? त्याला काय घाबरायचंय?" ते म्हणाले. "त्याच्यासमोर कोण हात जोडून उभा राहणार हाय?"

बोलून गेले आणि मग स्वतःचंच बोलणं त्यांना ऐकू आलं. हात म्हातारा झाला असं ते वर्षभर समजत होते. हात ठणठणीत होता, भ्यालेले होते ते काका. खातूंचं सगळं घर त्या तिरळ्या डोळ्यांपुढे हात जोडून उभं राहिलेलं त्यांनी पाहिलं होतं आणि ते त्यांच्या मनातून जात नव्हतं.

मनस्वीने फळीवरून हाताला लागला तो गणपती उचलला आणि त्यांच्यापुढे ठेवला. तो नेमका आगाश्यांच्या घरचा होता. तिने बारीक ब्रश बापाच्या हातात दिला.

"हा पण शिपाईच आहे, असं समजा."

"देवा, कानावर घेऊ नकोस रे," असं पुटपुटत विमलाकाकूंनी घाईघाईने हात जोडले.

काकांनी ब्रश बुडवला. शाळेत कुणी हललं नाही. नुकसान झालेला स्वरूपसुद्धा श्वास रोखून बसला होता. पापण्या झाल्या, बुबुळं झाली, ठिपके पडले. ब्रश खाली आला तेव्हा मनस्वीने तोंड फिरवून पदर नव्हता म्हणून ओढणीला डोळे पुसले. साठ गणपती एकटीने पुरे होणार नाहीत, ही भीती तिने कुणालाच सांगितली नव्हती. त्या वर्षी साठातले बत्तीस काकांनी आखले.

स्वरूप त्या संध्याकाळी चहा न घेताच गेला, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. चिपळूणला परत पाठवायची सोय उरली नव्हती. त्याने शिपायाचे फोटो जाणकारांच्या ग्रुपवर टाकले. रंगाला शून्य, डागांना शून्य, एकूण शून्य असा निकाल आला. पिवळे बूट कुठल्या ग्रहावर घालतात, असंही एकाने विचारलं. स्वरूपने रागाने शिपाई सगळ्यात खालच्या खणात पाठमोरा ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याला तोंडाकडून वळवला. तिसऱ्या दिवशी वरच्या खणात आणला. हायस्कुलातून दमून आल्यावर कपाटासमोर कुठेही बसलं तरी तो आपल्याकडेच बघतो, असं त्याने मनस्वीला सांगितलं, आणि सांगताना तो काही फार रागावलेला दिसला नाही.

चतुर्थीला आगाश्यांकडे आरतीला काका गेले होते. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली. स्वरूपची आई, उल्काकाकू, प्रसाद वाटता वाटता मूर्तीकडे बघत थांबल्या.

"यंदा बाप्पा जरा करड्या नजरेचे वाटतात, नाही? पहाऱ्यावर बसल्यासारखे."

सगळ्यांनी पाहिलं. वाटत होते खरे. काकांनी खिरापत तोंडात टाकली आणि हळूच स्वरूपच्या कानाशी वाकले.

"शिपाई समजूनच आखलेत रे. बोलू नको कुठे."